विहार-तुळशी: आधी पाणी, मग अभयारण्य

पावसाळ्यात वर्तमानपत्रांत मुंबईच्या सात तलावांचा तक्ता छापून येतो. त्यात विहार आणि तुळशी अगदीच किरकोळ दिसतात. विहारची क्षमता २७,६९८ दशलक्ष लिटर, तुळशीची ८,०४६. दोन्ही मिळून एकूण साठ्याच्या जेमतेम अडीच टक्के. पण शहरात नळाचं पाणी पहिल्यांदा आलं ते विहारचं.

त्याआधी मुंबई विहिरी आणि तळ्यांवर जगत होती. पाऊस कमी झाला की त्या आटायच्या, आणि पाण्यावरून भांडणं व्हायची. अभियंता हेन्री कॉनिबेअर यांनी साष्टीच्या डोंगरात मिठी नदी अडवण्याची योजना मांडली. १८५६ मध्ये काम सुरू झालं, १८६० मध्ये पूर्ण झालं. जागेची निवड काही नवलाची नव्हती. याच डोंगरात कान्हेरीच्या भिक्खूंनी कित्येक शतकं आधी पाण्याची टाकी कोरली होती. कातळावरून ओघळणारं पावसाचं पाणी बारीक पन्हळींतून टाक्यांत उतरावं, अशी सोय आजही तिथे दिसते.

विहार पुरेना, म्हणून तासो नदी अडवून १८७९ पर्यंत तुळशी बांधला. तो विहारपेक्षा बराच उंचावर असल्याने त्याचं पाणी मलबार हिलच्या टाकीपर्यंत चढवता आलं. पुढे १८९२ मध्ये तानसा आला आणि शहराची भिस्त शहापूरच्या डोंगरांकडे सरकली.

या तलावांभोवतीचं रान टिकलं ते मुख्यतः पाण्यामुळे. पाणलोटात वस्ती वाढली तर पाणी नासणार, हे पालिकेला उमगलं होतं. बिबट्याची काळजी तेव्हा कुणाला होती? राष्ट्रीय उद्यान नंतर आकाराला आलं. त्याला संजय गांधींचं नाव मिळालं तेही पुढेच. आज सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या त्या जंगलात दोन्ही तलाव येतात. विहारच्या काठावर मगरी उन्हं खात पडलेल्या असतात आणि उन्हाळ्यात चितळ-सांबरांची तहान याच पाण्यावर भागते. वारली पाड्यांचा तिथला वावर मात्र या साऱ्याच्या आधीपासूनचा, हे सांगायचं सहसा राहून जातं.

विहारच्या खालच्या अंगाला असलेला पवई तलाव १८९१ चा. तोही पिण्यासाठीच बांधला होता. त्याचं पाणी मात्र पिण्यालायक राहिलं नाही. भोवती वसाहती उठल्या, सांडपाणी आलं, जलपर्णी माजली. मगरी तिथेही आहेत, पण ते पाणी आता उद्योगांना आणि आरे वसाहतीला जातं.