शब्दकोश कोर्टाची पायरी कसा चढला

कायद्यात शब्दाची व्याख्या दिलेली असली की वकिलाला शब्दकोश लागत नाही. व्याख्येत ‘म्हणजे’ असेल तर अर्थ तेवढाच धरायचा. ‘यात अमुकचा समावेश होतो’ असं असेल तर नेहमीच्या अर्थात आणखी भर पडते. वाद लागतो तो कायदा गप्प असतो तिथे. मग दोन्ही बाजूंचे वकील कोश घेऊन उभे राहतात आणि बहुतेक वेळा दोघांनाही हवा तो अर्थ सापडतो. गेल्या दीडशे वर्षांतले असे निकाल वाचले की वाटतं, खरा निर्णय कोश उघडण्याआधीच झालेला असतो: कोणता कोश, कोणत्या सालचा आणि त्यातला कितवा अर्थ.

कोश आणि सत्ता यांचं नातं आधीपासूनच तणावाचं. केंब्रिजचे कायद्याचे प्राध्यापक जॉन कॉवेल यांनी १६०७ मध्ये कायद्यातल्या शब्दांचा एक कोश काढला. त्यातल्या ‘राजा’, ‘पार्लमेंट’ अशा नोंदींत राजा कायद्याच्या वर असल्याचं सूचित होत होतं. पार्लमेंट खवळलं आणि १६१० मध्ये पहिल्या जेम्सला जाहीरनामा काढून पुस्तकावर बंदी घालावी लागली. राजाच्या बाजूने लिहिलेला कोश राजानेच दडपला! पुढे १७५५ मध्ये सॅम्युअल जॉन्सनचा कोश आला. त्याने ‘एक्साइज’ या शब्दाची व्याख्या ‘वस्तूंवर लादलेला घृणास्पद कर’ अशी केली आणि त्याचे निवाडे करणाऱ्यांना भाडोत्री नीच म्हटलं. चिडलेल्या अबकारी आयुक्तांनी ॲटर्नी जनरल विल्यम मरे यांचा सल्ला घेतला. त्यांच्या मते ही बदनामीच होती, पण लेखकाला दुरुस्तीची संधी द्यावी, असं त्यांनी सुचवलं. कोश तटस्थ असतो असं मानणाऱ्यांनी ही नोंद एकदा वाचावी.

एकोणिसाव्या शतकात कोश इंग्लिश न्यायालयांत रुळला, पण जरा संकोचानेच. १८८६ च्या एका खटल्यात मुख्य न्यायाधीश लॉर्ड कोलरिज यांनी हा संकोच नेमका मांडला. कायद्यातल्या शब्दांच्या अर्थाबाबत शब्दकोश अधिकृत मानायचे नसतात, हे आपण जाणतो, असं ते म्हणाले. पण शब्द नेहमीच्या अर्थाने घ्यायचे हा नियम असल्यामुळे या पुस्तकांकडे जावंच लागतं. दाराबाहेर ठेवायचा आणि आत बोलवायचाही, ही भूमिका आजही फारशी बदललेली नाही.

कोशांची समोरासमोर झुंज पाहायची असेल तर अमेरिकेतला टोमॅटोचा खटला पाहावा. १८८३ च्या आयात शुल्क कायद्यात भाज्यांवर दहा टक्के कर होता आणि ताजी फळं करमुक्त होती. वेस्ट इंडीजमधून टोमॅटो आणणाऱ्या व्यापाऱ्यांनी निषेध नोंदवून कर भरला आणि तो परत मिळावा म्हणून न्यूयॉर्क बंदरात शुल्क वसूल करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावला. त्यांच्या वकिलांनी वेबस्टर, वूस्टर आणि इम्पीरियल या तीन कोशांमधून ‘फळ’, ‘भाजी’ आणि ‘टोमॅटो’ यांच्या व्याख्या वाचल्या. सरकारी वकिलांनी उत्तरादाखल वेबस्टरमधूनच वाटाणा, वांगं, काकडी, मिरची यांच्या व्याख्या वाचल्या. वनस्पतिशास्त्राने हीही फळंच. त्यावर व्यापाऱ्यांच्या बाजूने बटाटा, सलगम, फ्लॉवर, कोबी, गाजर असा पुढचा हप्ता वाचून दाखवण्यात आला. फळं-भाज्यांच्या धंद्यात तीस वर्षं घालवलेले दोन साक्षीदारही होते. व्यापारात या शब्दांना काही वेगळा अर्थ नाही, एवढीच भर त्यांनी घातली. १८९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टोमॅटोला भाजी ठरवलं. न्यायमूर्ती ग्रे यांचं कारण ताटातलं होतं: टोमॅटो जेवणात सूप, मासे किंवा मांसाबरोबर खातात, शेवटी गोड म्हणून नव्हे. कोश हे पुरावा म्हणून येत नाहीत, न्यायालयाच्या स्मृतीला आणि समजुतीला मदत म्हणून येतात, असंही त्यांनी बजावलं.

हाच पेच भारतात विड्याच्या पानांवरून पडला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या १९४७ च्या विक्रीकर कायद्यात भाज्यांना करमाफी होती. अकोल्याच्या पानविक्रेत्यांचं म्हणणं, पान हीही भाजीच. हाताशी शॉर्टर ऑक्सफर्ड कोश होता. त्यातल्या ‘व्हेजिटेबल’च्या अर्थात वनस्पती किंवा तिच्या भागांपासून मिळालेलं सगळंच बसत होतं. त्या हिशेबाने लाकूडसुद्धा भाजी ठरलं असतं. नागपूर उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात आधी सांगितलं होतं की भाजी म्हणजे परसात पिकणारी आणि जेवणात वापरली जाणारी. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही लोकव्यवहारातला अर्थ धरला आणि पानविक्रेते हरले. पण तिथे आणखी एक भक्कम धागा होता, तो मला कोशापेक्षा मोलाचा वाटतो. मूळ यादीत भाज्या आणि विड्याची पानं अशा दोन स्वतंत्र नोंदी होत्या आणि १९४८ मध्ये पानांची नोंद काढून टाकलेली होती. पान भाजीतच मोडत असतं तर ते वेगळं लिहिलं कशाला असतं?

लोकव्यवहाराची कसोटी दर वेळी सरकारच्याच पथ्यावर पडते असं नाही. १९६७ मध्ये याच कसोटीवर लोणारी कोळसा ‘कोळशा’त धरला गेला आणि फायदा विक्रेत्याचा झाला. भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने एक खनिज आणि दुसरा लाकूड जाळून केलेला. विकणारा आणि घेणारा मात्र दोन्हींना कोळसाच म्हणतो.

संदर्भग्रंथ पाहायची मुभा न्यायालयाला १८७२ च्या पुरावा कायद्यातल्या कलम ५७ ने दिली होती. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहे. कर प्रकरणांपुरताच हा खेळ राहिला नाही. केशवानंद भारती खटल्यात घटनादुरुस्तीबद्दलच्या अनुच्छेद ३६८ मधल्या ‘अमेंडमेंट’ या इंग्रजी शब्दाचे कोशातले अर्थही चर्चेत आले. सुधारणा म्हणजे सुधारणंच, की रद्द करणंही? १९७३ मध्ये तेरा न्यायमूर्तींचा निकाल सात विरुद्ध सहा असा लागला. इतक्या मोठ्या प्रश्नाला कोश पुरणार नव्हताच.

अमेरिकेत गेल्या चार दशकांत कायद्याच्या शब्दालाच घट्ट धरणाऱ्या न्यायमूर्तींमुळे कोशांचा भाव वाढला. १९९४ च्या दूरसंचार खटल्यात ‘मॉडिफाय’ म्हणजे किरकोळ बदल की मोठा, हा प्रश्न होता. मोठ्या बदलाचा अर्थ १९६१ च्या वेबस्टरमध्ये होता. कायदा १९३४ चा, तेव्हाच्या कोशांत तो नव्हता, म्हणून न्यायमूर्ती स्कालिया यांनी तो फेटाळला. १९९८ मध्ये प्रश्न आला, गाडीच्या बंद कप्प्यात पिस्तूल ठेवणं म्हणजे ते ‘कॅरी’ करणं, म्हणजे बाळगणं का? बहुमताने ऑक्सफर्ड उघडला, वाहून नेणं हा अर्थ उचलला आणि ‘हो’ म्हटलं. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी भिन्नमतात ब्लॅकचा कायदेकोश दाखवला. त्यात अंगावर बाळगण्याचा अर्थ होता. निकाल पाच विरुद्ध चार. न्यायाधीश लर्नेड हँड यांनी १९४५ मध्येच शब्दकोशाचा किल्ला करू नका असं बजावलं होतं. ते वाक्य उद्धृत सगळेच करतात.

आता कोशाच्या जागेवर इतरही दावेदार आलेत. २०२३ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने संगणकावरील सीमाशुल्काच्या प्रकरणात विकिपीडियावर विसंबण्याबद्दल सावध केलं, कारण तिथला मजकूर कुणीही लिहू शकतो. २०२४ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयातले न्यायाधीश केव्हिन न्यूसम यांनी उलटं केलं. अंगणात जमिनीत बसवलेली ट्रॅम्पोलिन (उड्या मारायची ताणलेली जाळी) विमा पॉलिसीतल्या ‘लँडस्केपिंग’मध्ये, म्हणजे बागबगिचाच्या कामात येते का, हे कोशांतून समाधानकारक कळेना, म्हणून त्यांनी चॅटजीपीटीला विचारलं आणि सहमतीच्या स्वतंत्र मतात तसं नोंदवलं. प्रकरणाचा निकाल मात्र दुसऱ्याच कागदावर लागला. विम्याच्या अर्जात ‘खेळण्याच्या किंवा करमणुकीच्या साधनांच्या उभारणीचं काम करता का’ या प्रश्नापुढे ‘नाही’ असं लिहिलेलं होतं.