बॉट अडकला? बटण परत पकडायच्या आधी हे वाचा

आम्ही बॉट बनवून देतो, म्हणजे कॉम्प्युटरवर माणसाऐवजी आपोआप क्लिक करणारा प्रोग्रॅम. बेळगावच्या उद्यमबागेतनं फोन येऊ दे नाहीतर निपाणीतनं, सुरुवात ठरलेली. "काल नीट चालला ओ बॉट, आज सेव्हचं बटणच सापडंना म्हणतोय, म्हणून आमच्या पोरानं परत कॅप्चर केलं, तर आता दुसरीकडंच अडकायलाय." आठवड्यातनं दोन-तीनदा तरी हेच ऐकतोय, म्हणून एकदा लिहूनच काढलं. सगळी भानगड त्या "परत कॅप्चर केलं"मध्ये, म्हणजे बॉटला बटण नव्यानं पकडून देण्यात आहे.

बॉट बटण डोळ्यानं बघत नाही, त्याच्याकडं बटणाचा पत्ता असतो. कुठली विंडो, तिच्यात कुठला भाग, आयडी काय, नाव काय. ह्यालाच सिलेक्टर म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहेच. पण तुम्ही घाईत कंट्रोल दाबून क्लिक करता तेव्हा सॉफ्टवेअर त्या घडीला दिसेल ते सगळं पत्त्यात लिहून ठेवतं, म्हणजे शहापुरातल्या घराचा पत्ता "निळ्या स्कूटरसमोरचं दार" असा दिल्यासारखं. स्कूटर हलली की पोस्टमन गेला चुकून.

समजा कॅप्चर करताना समोर बिल नंबर ४१७ उघडं होतं आणि विंडोच्या नावात तो नंबर येतोय, तर तो पत्त्यातही बसला. उद्या ४१८ उघडलं तरी बॉट ४१७च शोधत बसणार. बॉट बनवायची सॉफ्टवेअर दोन, यूआयपाथ आणि पॉवर ऑटोमेट डेस्कटॉप. यूआयपाथमध्ये त्या नंबरच्या जागी स्टार (*), म्हणजे 'इथं काहीही चालेल', टाकायचा, पॉवर ऑटोमेटमध्ये 'इक्वल्स'च्या जागी 'कंटेन्स' करून फक्त न बदलणारा शब्द ठेवायचा, मिनिटाचं काम. परत पकडलं तर काय होतंय, आता ४१८ आत बसतोय, म्हणजे परवा परत बोंब.

आणि खरा वेळ जातोय तो पुढंच. तेच सेव्ह बटण डिस्पॅच, बिल, क्रेडिट नोट अशा नऊ ठिकाणी वापरलेलं असतं, आम्ही ते एकदाच पकडून नीट नाव देऊन ठेवतो आणि नऊही ठिकाणी तेच लावतो, पत्ता बदलला तर एका जागी दुरुस्त केला की नऊही चालू. तुम्ही नवीन पकडलं की ते फक्त एका स्टेपला लागतं, बाकी आठ जुन्यालाच धरून बसतात. एका गिऱ्हाइकाकडं आम्हाला एकाच बटणाची चौदा एलिमेंट, म्हणजे पकडून ठेवलेल्या नोंदी, सापडली, 'सेव्ह २', 'सेव्ह ३' करत करत, कुठलं कुठं लागलंय ते शोधण्यातच अख्खा दिवस गेला. पॉवर ऑटोमेटमध्ये आहे त्याच एलिमेंटच्या आत दुसरा सिलेक्टर जोडता येतो, पहिला लागला नाही तर तो दुसरा लावून बघतो. तेवढंच करा की, नवीन कशाला?

आपल्याकडचा एक खास त्रास म्हणजे भाषा. पोर्टल एका पीसीवर कन्नडमध्ये उघडतं, दुसऱ्यावर इंग्लिशमध्ये, वर क्रोमचं ट्रान्सलेट चालू असलं तर बघायलाच नको, बटणावरचा शब्दच बदलतोय. गावाचं नावच घ्या. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी, पण ड्रॉपडाऊनमध्ये कुठं जुनं स्पेलिंग, कुठं नवीन. म्हणून जमेल तिथं आम्ही दिसणारा शब्द धरतच नाही, आयडी धरतो. बॉटच्या पीसीवर ट्रान्सलेट बंदच ठेवा.

टॅलीचं वेगळं आहे, तिथं आतली बटणं बॉटला सुटी दिसत नाहीत, तिथं कीबोर्ड शॉर्टकट नाहीतर एक्सएमएल इंपोर्ट, म्हणजे फाईलमधनं डेटा थेट आत घेणं. बटणाचा फोटो काढून त्यावरनं ते का शोधत नाही असं विचारतात, पण डिस्प्ले स्केल १०० चा १२५ टक्के केला की तो फोटो जुळंना होतो.

कोटेशनमध्ये पहिले दोन दिवस "स्क्रीन कॅप्चर" लिहिलेलं बघून काही मालक म्हणतात नुसत्या क्लिकचे पैसे घेताय काय. क्लिकचे नाही ओ, ते प्रत्येक एलिमेंट दोन-तीन वेगवेगळी बिलं उघडून तपासण्याचे. यूआयपाथवाल्यांना तीच एलिमेंट लायब्ररी करून देतो, पुढचा बॉट बनवताना ती परत वापरतो, म्हणून दुसऱ्या बॉटचं बिल कमी येतंय, जुनं बिल काढून बघा.

तर बॉट थांबला की काही पकडू नका. एररचा पूर्ण स्क्रीनशॉट, मागं उघडी असलेली विंडो दिसेल असा, आणि कुठल्या पीसीवर झालं ते व्हॉट्सॲप करा. एएमसी (वर्षाचा देखभालीचा करार) असेल तर हे काम त्यातच धरलंय. नसेल तर तासाप्रमाणे पैसे लागतील, आणि परत कॅप्चर करून झाल्यावर बोलावलं तर तास जरा जास्तच लागतील, आधीच सांगून ठेवतोय.