सेवेच्या नावावरून पोर्ट क्रमांक: सी प्रोग्रामांतील एका जुन्या सोयीची पार्श्वभूमी

सी भाषेतल्या प्रोग्रामला मेल सर्व्हरशी जोडणी करायची असेल, तर २५ हा पोर्ट क्रमांक (यंत्रावरच्या कोणत्या सेवेशी बोलायचे ते सांगणारा आकडा) कोडमध्ये थेट लिहिता येतो, किंवा गेटसर्व्हबायनेम या फंक्शनला ‘एसएमटीपी’ हे मेलसेवेचे आणि ‘टीसीपी’ हे वाहतुकीच्या प्रोटोकॉलचे (संवादाच्या नियमांचे) अशी दोन नावे देऊन तो मागून घेता येतो. हे फंक्शन १९८३ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या युनिक्समधून आले. ज्या क्रमांकांची ते विचारणा करते, त्यांच्या वाटपाची पद्धत मात्र त्याहून दशकभर जुनी, इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्याच्या काळातली आहे.

मे १९७२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ३४९ या तांत्रिक टिपणात असे सुचवले की, प्रमाणित सेवांना ठरावीक सॉकेट क्रमांक (आजच्या पोर्ट क्रमांकांचे पूर्वरूप) असावेत आणि ते एकाच व्यक्तीने वाटावेत. ती व्यक्ती म्हणून त्यांनी, कंसात प्रश्नचिन्ह घालून का होईना, स्वतःलाच पुढे केले. पुढे हे काम खरोखरच त्यांच्याकडे राहिले आणि त्यातूनच आयाना ही नोंदणी व्यवस्था उभी राहिली. आकड्यांवर त्या काळाची खूण अजून दिसते. तेव्हाच्या एनसीपी प्रोटोकॉलमध्ये जोडणी एकाच दिशेने चाले, त्यामुळे दुतर्फा संवादाला सम आणि विषम अशी सॉकेटांची जोडी लागे. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट दुतर्फा जोडणीच्या टीसीपीवर गेले आणि एकच पोर्ट पुरू लागला, तरी फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचा २१, दूरच्या यंत्रावर काम करू देणाऱ्या टेलनेटचा २३ आणि पाठोपाठ मेलचा २५ अशी विषम आकड्यांची रांग कायम राहिली. मधला २२ रिकामा होता. १९९५ मध्ये टाटू युलोनेन यांनी तो एसएसएच या सुरक्षित दूरस्थ प्रवेशाच्या सेवेसाठी मागून घेतला.

बर्कलीच्या मंडळींनी ही यादी ईटीसी डिरेक्टरीतल्या ‘सर्व्हिसेस’ या साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवली. एका ओळीत सेवेचे नाव, मग क्रमांक व प्रोटोकॉल आणि असल्यास टोपणनावे, एवढाच तिचा थाट. फंक्शनला प्रोटोकॉल वेगळा का सांगावा लागतो, हे ५१४ या क्रमांकावरून लगेच कळते: टीसीपीवर तो दूरस्थ शेलचा आहे, तर यूडीपी या दुसऱ्या वाहतूक प्रोटोकॉलवर सिसलॉग या नोंदी पाठवणाऱ्या सेवेचा. उत्तरादाखल मिळणाऱ्या स्ट्रक्चरमधला पोर्ट नेटवर्कच्या बाइटक्रमात (मोठ्या किमतीचा बाइट आधी) असतो, आणि नवख्यांची फसगत इथेच होते. इंटेलच्या यंत्रावर हा क्रम उलटा असतो, त्यामुळे क्रम बदलून देणारे एनटोएचएस हे फंक्शन न वापरता तो छापला, तर २५ ऐवजी ६४०० दिसतात.

यंत्रांच्या नावांची यादीही मुळात अशीच एक फाइल होती. यंत्रे वाढली, पत्ते बदलू लागले आणि तिची जागा डीएनएस या नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या व्यवस्थेने घेतली. सेवांच्या फाइलीवर ती वेळ आली नाही, कारण टेलनेटचा क्रमांक कुठल्याही यंत्रावर तोच आणि दहा वर्षांनंतरही तोच. बदलणाऱ्या पोर्टांसाठी डीएनएसमध्ये सेवेचे यंत्र व पोर्ट सांगणाऱ्या एसआरव्ही नोंदी आल्या खऱ्या, पण त्या गेटसर्व्हबायनेमच्या वाटेत येत नाहीत. याच स्थैर्यामुळे कोडमध्ये थेट आकडा लिहिणाऱ्यांना फारसा दोषही देता येत नाही.

या फंक्शनची खरी अडचण वेगळी होती. ते स्थिर स्मृतीतल्या एकाच जागेकडे बोट दाखवत असल्यामुळे पुढच्या हाकेला आधीचे उत्तर पुसले जाऊ शकते, आणि एकाच वेळी अनेक थ्रेड (कामाचे समांतर धागे) चालणाऱ्या प्रोग्रामांत हे महागात पडते. आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीच्या निमित्ताने गेटअ‍ॅडरइन्फो हे फंक्शन पुढे आले आणि पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या प्रमाणकात २००१ मध्ये दाखल झाले. त्याला यंत्राचे आणि सेवेचे नाव एकत्र देता येते, आणि सेवेच्या जागी ‘८०’ असा आकडाही अक्षररूपात चालतो. नाव दिले, तर लिनक्सवर तेही सहसा त्याच जुन्या फाइलीत पाहते. म्हणूनच ही फाइल वगळलेल्या, काटछाट केलेल्या कंटेनर इमेजमध्ये (प्रोग्राम व त्याला लागणाऱ्या फाइलींच्या गाठोड्यात) ‘८०’ दिल्यावर जोडणी होते आणि ‘एचटीटीपी’ हे त्याच क्रमांकाच्या सेवेचे नाव दिल्यावर सेवा सापडत नसल्याची त्रुटी हाती येते.