लस गोठली, हे कळायचं कसं?

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लसीच्या खोलीत शिरलं की आधी दिसतो तो पेटीसारखा, आडवा फ्रीज. याचं झाकण वर उघडतं. घरच्या फ्रीजचं दार उघडलं की गार हवा पायांवर येते, कारण ती जड असते. या पेटीतली गार हवा मात्र झाकण उघडलं तरी विहिरीतल्या पाण्यासारखी तळाशीच राहते. तिथले कर्मचारी याला आयएलआर म्हणतात. त्याच्या भिंतींच्या आत बर्फाचं अस्तर असतं. वीज गेली की तो बर्फ वितळू लागतो, आणि एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता पोटात घेतो, तीही स्वतःचं तापमान न वाढवता. म्हणून चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी आतलं तापमान २ ते ८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहू शकतं. भारनियमनाच्या काळात खेड्यापाड्यांतल्या लसींना याच अस्तराचा आधार होता.

फ्रीज चांगला असला तरी तो खरोखर काम करतोय ना, हे कुणीतरी बघायला हवं. वर्षानुवर्षं ते काम एका वहीनं केलं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा थर्मामीटर बघायचा आणि आकडा लिहायचा. कर्मचाऱ्यानं कितीही मनापासून लिहिलं तरी चोवीस तासांतले दोनच क्षण वहीत यायचे. रात्री दोन वाजता आत काय झालं हे वहीला कधीच कळलं नाही. नासलेलं दूध फाटतं, कुजलेली भाजी वास मारते. लसीची बाटली बिघडली तरी बहुतेक वेळा नुसत्या नजरेला आधीसारखीच दिसते.

उष्णतेपुरता एक सुरेख उपाय मात्र आधीच निघाला होता. लसीच्या बाटलीवर एक छोटं वर्तुळ असतं आणि त्यात फिकट चौकोन. याला व्हीव्हीएम म्हणतात. १९९६पासून तो आधी पोलिओच्या तोंडी लसीवर आला. त्यातलं रसायन उष्णतेनं हळूहळू गडद होतं, आणि झालेला बदल मागे फिरत नाही. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की ती बाटली वापरायची नाही. बाळाला लस द्यायला गेलात तर सिस्टरना तो चौकोन दाखवायला जरूर सांगा. त्या आनंदानं दाखवतील. पण या चौकोनाला गोठणं कळत नाही. आणि गोठण्याचा धोका आपण फार काळ कमी लेखला.

पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), हिपॅटायटिस-बी, धनुर्वात अशा लसींत ॲल्युमिनियमच्या क्षाराचे अतिसूक्ष्म कण असतात. लसीतला मुख्य घटक या कणांना चिकटलेला असतो आणि त्यांच्यामुळे शरीराचा प्रतिसाद जोरदार होतो. उणे अर्ध्या अंशाच्या आसपास हिपॅटायटिस-बीची लस गोठते. पाण्याचे स्फटिक वाढताना हे कण एकमेकांवर ढकलले जातात आणि त्यांच्या गुठळ्या होतात. बर्फ वितळला तरी गुठळ्या सुटत नाहीत. मग ती लस टोचली तरी हवं तसं संरक्षण मिळेलच याची खात्री उरत नाही. बाळ रडतं, कार्डावर नोंद होते, आई निश्चिंत मनानं घरी जाते. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त टोचतं ते हेच.

आणि हे क्वचित घडतं असं मुळीच नाही. जगभरच्या अभ्यासांचा एक आढावा २००७ साली प्रसिद्ध झाला. नुसता साठा किंवा नुसती वाहतूक तपासली, तेव्हा १४ ते ३५ टक्के ठिकाणी लस गोठणबिंदूखालच्या तापमानाला सामोरी गेलेली आढळली. कारखान्यापासून शेवटपर्यंत सगळे टप्पे तपासले, तेव्हा हे प्रमाण ७५ ते १०० टक्क्यांवर गेलं. लस गरम होईल या भीतीनं आपण तिला जास्तच गार करत होतो. प्रवासभर लसीसोबत जाऊन नोंदी ठेवणारी यंत्रं नसती तर हे उघडकीला आलंच नसतं.

भारतात २०१५पासून केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं लसींचं तापमान आणि साठा यांवर नजर ठेवणारी ईविन नावाची व्यवस्था उभी केली. तिचं रोजचं काम साधं आहे. फ्रीजच्या आत एक सेन्सर, त्याची वायर बाहेरच्या छोट्या डबीला, आणि डबीत मोबाइलसारखंच सिमकार्ड. दर दहा मिनिटांनी तापमानाची नोंद होते, आणि तासाला एकदा साठलेल्या नोंदी सर्व्हरवर जातात. पारा मर्यादेबाहेर गेला की डबी वाजते आणि जबाबदार माणसांना एसएमएस जातो. वहीतल्या दोन नोंदींच्या जागी दिवसाला १४४ नोंदी आल्या, आणि त्यात रात्री दोन वाजताची नोंदही आली.

या नोंदींचा आलेख वाचायची एकदा सवय झाली की फ्रीज बोलायला लागतो. झाकण उघडलं की रेषेला बारीक दात येतो आणि लगेच जातो. वीज गेली तर रेष बराच वेळ जवळजवळ सपाट राहते, कारण बर्फ उष्णता घेत असतो. बर्फ संपला की मात्र ती चढू लागते. थर्मोस्टॅट बिघडला तर रेष उलट दिशेनं, चोरपावलांनी शून्याकडे उतरते. बिघाड कोणता, हे मेकॅनिक निघायच्या आधीच कळू शकतं.

ईविनचा दुसरा अर्धा भाग साठ्याचा. लसीकरणाच्या दिवशी काम आटोपलं की किती बाटल्या आल्या, किती वापरल्या, बॅच आणि मुदत कोणती, हे मोबाइलवर भरायचं. आधी हेच आकडे कागदावरून तालुका, जिल्हा असे वर चढायचे, तोवर शिळे व्हायचे. मग एका केंद्रात मुदत संपत आलेल्या बाटल्या पडून आणि शेजारच्या केंद्रातून आया बाळांना घेऊन रिकाम्या परत, असं व्हायचं. २०२०मध्ये सरकारनं सांगितलं की ईविन २३ हजारांहून अधिक शीतसाखळी केंद्रांत, म्हणजे लस थंड साठवणाऱ्या ठिकाणी, पोहोचलं आहे आणि साठा संपण्याचे प्रसंग ८० टक्क्यांनी घटले आहेत. १२ जानेवारी २०२१ला पुण्यातून कोविशील्डचे पहिले ट्रक निघाले. कोविड लसीकरणाच्या को-विनची उभारणी ईविनच्याच पायावर झाली होती. लोकांच्या लक्षात राहिलं ते ॲप आणि प्रमाणपत्र. मागचा पाया मात्र बालकांच्या लसीकरणासाठी काही वर्षं आधी घातला गेला होता.

पण सिमकार्डवाली डबी फ्रीजला जोडलेली असते. केंद्रातून अंगणवाडीपर्यंतचा शेवटचा टप्पा लस एका हातपेटीत, चार आइसपॅकच्या मध्ये बसून करते. डीप फ्रीजरमधून काढलेला आइसपॅक तसाच पेटीत ठेवला तर शेजारची बाटली गोठू शकते. आता आइसपॅक आणि लस यांच्यात आडभिंत असलेल्या, गोठू न देणाऱ्या पेट्याही बनतात. साध्या पेटीसाठी मात्र पद्धत जुनीच आहे. सकाळी सिस्टर आइसपॅक टेबलावर मांडतात, त्यांना घाम फुटेपर्यंत थांबतात, मग एकेक उचलून कानाजवळ हलवतात. आत पाणी खळखळलं की बर्फ सुटू लागला, म्हणजे पॅक शून्य अंशाला आला. आवाज नसेल तर तो पुन्हा टेबलावर. बाहेर गाडी उभी असते, अंगणवाडीत बायका येऊन बसलेल्या असतात, आणि सिस्टर कान लावून वाट बघत असतात.