आधी नोंद, मग कायदा: खानदेशातल्या पाळतीची पार्श्वभूमी

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, शहादा तालुक्यातल्या एका आदिवासी वस्तीत, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. त्या दिवशी आधारमागे संसदेचा कायदा नव्हता. तो २०१६ साली आला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी. बोटांचे ठसे आधी, कायदा सहा वर्षांनी आणि हक्क सात वर्षांनी.

सरकारी पाळतीबद्दल आज पुण्या-मुंबईत जी चर्चा चालते, तिची सुरुवात बहुधा मोबाइलपासून होते. खानदेशातून पाहिलं तर ही गोष्ट दोनशे वर्षांची आहे आणि तिचा क्रम बहुतेक वेळा टेंभलीसारखाच राहिला आहे. नोंद होते ती आधी अशा माणसांची, ज्यांना 'कशाला?' असं विचारण्याची सोय नसते.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारकडे गेला. सातपुड्यात आणि सातमाळ्याच्या डोंगरांत भिल्ल नाईकांनी कंपनीच्या फौजांना दाद दिली नाही. सात वर्षं तुकड्या पाठवून झाल्यावर १८२५ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात धोरण बदललं. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या आणि धरणगावला जेम्स आउट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली. माफी, जमीन, तगाई (शेतीसाठी सरकारी कर्ज) एका हाताने आणि वस्तीवस्तीतल्या माणसांच्या नोंदी दुसऱ्या हाताने. या धोरणाचं कौतुक इंग्रजांनी पुढे शंभर वर्षं केलं, आणि लढाई थांबली हे खरंही आहे. पण डोंगरातल्या माणसाला जमीन मिळाली ती नोंदीत येण्याच्या अटीवर, हेही तितकंच खरं. गावोगाव रात्री जागणारा जागल्या अनेकदा भिल्लच असे. ज्याच्यावर संशय, त्याच्याच हातात पहारा. खाजा नाईक हा सेंधवा घाटाचा राखणदार होता, मुंबई-आग्रा रस्त्यावरची वाहतूक सांभाळायची जबाबदारी त्याच्याकडे होती. १८५७ मध्ये तोच उठला आणि एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीची लढाई झाली.

यानंतरचा टप्पा जास्त वाईट होता, कारण त्यात माणूस काय करतो हा प्रश्नच उरला नाही. तो कोणाच्या पोटी जन्मला एवढंच पुरेसं ठरलं. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ साली उत्तर हिंदुस्थानात आला आणि १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही लागू झाला. एखादी जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर झाली की तिच्यातल्या माणसांची नावं पोलिसांच्या वहीत चढत, बोटांचे ठसे घेतले जात. नेमून दिलेल्या वेळी हजेरी द्यायची. गाव सोडायचं तर परवानगीचा कागद जवळ हवा. हजेरी चुकली की तोच गुन्हा, मग वेगळा गुन्हा शोधायची गरजच नाही. सहा ते अठरा वयाच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळेत ठेवायची तरतूद १९११ च्या कायद्यातच होती. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली. तिथल्या माणसांना गिरणीत कामाला जाता येई, पण परतून हजेरी द्यावी लागे.

स्वातंत्र्य आल्यावरही देशात पाच वर्षं हा कायदा होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, म्हणून भटके-विमुक्त समाज तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. जमातीचं नाव गेलं, पण वही गेली नाही. १९५९ मध्ये मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगार कायदा आला. त्याआधीच १९५१ चा मुंबई पोलीस कायदा झाला होता, आज त्याला महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. त्याच्या कलम १२२ खाली सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात संशयास्पद स्थितीत आढळलेल्या माणसाला धरता येतं. कलम ५५ ते ५७ खाली तडीपार करता येतं, जास्तीत जास्त दोन वर्षं. तडीपारीच्या प्रस्तावात साक्षीदारांचे जबाब बहुतेक वेळा गोपनीय असतात. म्हणजे आपल्याविरुद्ध कोण, काय बोललं हे न कळताच जिल्हा सोडायचा. जानेवारी २०२२ मध्ये जालन्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तडीपारीचा आदेश रद्द केला आणि हा असाधारण उपाय आहे, तो सर्रास वापरायचा नाही, असं बजावलं. एकेकाळी 'गुन्हेगार' ठरवलेल्या पारध्यांच्या पालावर मात्र कायद्याची कलमं कोणी वाचत बसत नाही. परिसरात घरफोडी झाली की पहिली गाडी तिथे येते, आणि 'रेकॉर्डवरचा' हा शब्द बापानंतर मुलालाही चिकटतो.

न्यायालयांनी या वहीकडे पाहायला वेळ घेतला. डिसेंबर १९६२ मध्ये खरक सिंग खटल्यात रात्री-अपरात्री दार ठोठावून माणूस घरात आहे का हे पाहणं घटनाबाह्य ठरलं, पण बाकीची पाळत बहुमताने चालू दिली गेली. न्या. सुब्बा राव यांचं मत वेगळं होतं. ज्याच्यामागे सतत कोणीतरी आहे त्याचं फिरणं मोकळं कसं म्हणायचं, हा त्यांचा मुद्दा बहुमताला पटला नाही. तो मान्य व्हायला २०१७ उजाडावं लागलं. फोन टॅपिंगचंही तसंच. १८८५ च्या तार कायद्यातलं कलम शंभरावर वर्षं कोणत्याही कार्यपद्धतीविना वापरलं गेलं आणि १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर न्यायालयाने पहिल्यांदा अटी घातल्या. आदेश गृहसचिव देतात आणि त्याचा आढावा सचिवांचीच समिती घेते. न्यायाधीश यात कुठेच नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही यात फरक पडलेला नाही.

यापुढचे दोन प्रसंग भुसावळ आणि धुळ्याचे आहेत.

१९९४ मध्ये बाबरी मशीद पाडल्याचा सूड घेण्यासाठी कट केल्याच्या आरोपावरून टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली अकरा मुस्लिम तरुणांवर खटला भरला गेला. हे प्रकरण भुसावळचं. टाडा हा कायदाच मे १९९५ मध्ये संपला, संसदेने त्याला मुदतवाढ दिली नाही. खटला मात्र संपला नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये नाशिकच्या विशेष न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, कारण टाडा लावताना पाळायच्या अटी पाळल्याच गेल्या नव्हत्या. तोपर्यंत पंचवीस वर्षं गेली होती. कायदा मेला तरी त्याच्याखाली उघडलेली फाईल जिवंत राहते, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण खानदेशात दुसरं नाही.

जानेवारी २०१३ मध्ये धुळ्यात दंगल झाली. पोलिसांच्या गोळीबारात सहा जण ठार झाले, सगळे मुस्लिम होते. रहिवाशांनी मोबाइलवर केलेल्या चित्रणात पोलीस दुकानं आणि वाहनांची मोडतोड करताना दिसले. त्या चित्रणामुळेच काही पोलिसांवर कारवाई झाली. कॅमेरा नेहमी सरकारच्याच हातात असतो असं नाही. पण चौकाचौकात कंट्रोल रूमला जोडलेले जे कॅमेरे लागले त्यांचं चित्रण नागरिकाला मिळवायचं तर केवढी दमछाक होते, हे ज्याने प्रयत्न केला त्याला माहीत आहे.

१ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात जे घडलं त्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्याचे परिणाम देशभर झाले. रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले, भिक्षेवर जगणारे. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज व्हॉट्सॲपवर कित्येक दिवस फिरत होते. एका लहान मुलीशी बोलल्याचं निमित्त झालं. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण गेले.

पाल टाकण्याआधी ठाण्यात जाऊन आपली नोंद करायची, ही भटक्यांची जुनी सवय आहे. ती सवय कुठून आली हे वर आलंच आहे. शंभर वर्षं या माणसांची नावं, ठसे, फिरण्याच्या वाटा सरकारजवळ होत्या, आणि संकटात त्यांतली एकही नोंद त्यांच्या उपयोगी पडली नाही. उलट भटका म्हणजे संशयित, ही समजूत त्या नोंदींनीच गावोगाव रुजवली. राईनपाड्यातला जमावही बव्हंशी आदिवासी होता. ज्यांच्या पूर्वजांच्या नोंदी धरणगावच्या साहेबांनी ठेवल्या, त्यांनी ज्यांच्या पूर्वजांची जात संशयित ठरवली गेली त्यांना मारलं. हे लिहिताना हात जड होतो, पण ते लिहिल्याशिवाय ही पार्श्वभूमी अपुरी राहील.

दोनच दिवसांत केंद्र सरकारने व्हॉट्सॲपला खरमरीत पत्र पाठवलं. त्याच महिन्यात भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आली, आणि ती उपयोगाची होती. तिने कोणाचंही खासगी बोलणं उघडं न पाडता अफवेचा वेग कमी केला. सरकारला मात्र आणखी हवं होतं. मेसेज सगळ्यात आधी कोणी पाठवला ते कंपनीने सांगितलंच पाहिजे, अशी तरतूद फेब्रुवारी २०२१ च्या आयटी नियमांत आली. मूळ पाठवणारा शोधायचा तर सगळ्यांच्याच मेसेजवर खूण ठेवावी लागेल, म्हणून व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीच्या वकिलांनी सांगितलं की एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर व्हॉट्सॲप भारतातून जाईल. राईनपाड्याचं नाव घेऊन मागितलेला हा अधिकार उद्या पत्रकाराला माहिती देणाऱ्या तलाठ्यावर किंवा मोर्चाचा निरोप पाठवणाऱ्या कार्यकर्त्यावर चालेल, यात मला शंका नाही. राईनपाड्यात खरी गरज होती वेळेत पोहोचणाऱ्या पोलिसांची.

आधारचं पुढे काय झालं ते सातपुड्याच्या पायथ्याच्या कोणत्याही रेशन दुकानात दिसतं. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार टिकलं. खासगी कंपन्यांना त्याची सक्ती करता येणार नाही असं ठरलं, पण धान्यासाठी ते राहिलं. दुकानदार ई-पॉस मशीन पुढे करतो, बाई पदराला बोट पुसते, पुन्हा टेकवते, दुसरं बोट, मग तिसरं. ऊसतोडीने आणि निंदणीने रेषा झिजलेल्या असतात. 'अंगठा लागत नाही' हे वाक्य नंदुरबारात आता पावसापाण्याइतकं सहज बोललं जातं. ठसे घेण्याची पोलिसांची कक्षाही याच काळात वाढली. १९२० च्या कायद्यात बोटांचे आणि पायांचे ठसे आणि छायाचित्र एवढंच होतं. ४ ऑगस्ट २०२२ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात डोळ्यांची बुबुळं, सही, हस्ताक्षर, चालण्या-वागण्याच्या खुणा हे सगळं आलं, आणि ते पंचाहत्तर वर्षं जपून ठेवलं जाणार आहे. निर्दोष सुटलेल्याची माहिती नष्ट करायची तरतूद आहे, पण सगळी अपिलं संपल्यावर आणि न्यायदंडाधिकाऱ्याने वेगळा आदेश दिला नाही तर. भुसावळच्या खटल्याची पंचवीस वर्षं इथे आठवावीत.

खानदेशातल्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर एक छोटी बातमी नेमाने येते: 'जिल्ह्यात कलम ३७ (१) (३) लागू.' हे कलम महाराष्ट्र पोलीस कायद्यातलं. बातमीचा मजकूर आता पाठ झाला आहे. शस्त्रे, सोटे, भाले, काठ्या बाळगण्यास मनाई, जाहीरपणे घोषणा देणे, गाणी म्हणणे, वाद्य वाजवणे यास मनाई, पाच किंवा अधिक लोकांनी एकत्र येण्यास मनाई. राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय जमावबंदी पंधरा दिवसांपलीकडे ठेवता येत नाही, म्हणून मुदत संपत आली की नवा आदेश निघतो. लग्नाच्या वरातीवर तो कधी चालत नाही. वनहक्काचे दावे घेऊन कलेक्टर कचेरीवर निघालेल्या आदिवासींना मात्र नोटीस मिळते.

जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. संयुक्त समितीकडे बारा हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या होत्या. समितीने कडव्या डाव्या संघटनांचा उल्लेख घालून रोख थोडा अरुंद केला, पण प्रस्थापित कायदा न पाळण्याचा प्रचार करणं हे 'बेकायदेशीर कृत्या'च्या व्याख्येत राहिलं. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. दोघेही तिथे होते ते सविनय कायदेभंगाच्या चळवळीमुळेच. १९३६ मध्ये नेहरूंच्या पुढाकाराने नागरी स्वातंत्र्यासाठी संघटना निघाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते फैजपूरला काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून आले. कायदा मोडायला सांगणारी माणसं खानदेशाने डोक्यावर घेतली आहेत, आणि त्यांच्या नावाच्या शाळा गावोगाव आहेत.

मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या हिस्ट्रीशीटबद्दल, म्हणजे संशयितांवर उघडलेल्या नोंदींबद्दल, सगळ्या राज्यांना सांगितलं की केवळ मागास किंवा वंचित समाजातला म्हणून कोणाचं नाव त्यात चढू नये आणि नोंदींची वेळोवेळी वरिष्ठ अधिकाऱ्याकडून तपासणी करण्याची व्यवस्था विचारात घ्यावी. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होणार नाही याची दक्षता पोलिसांनी घ्यावी, असंही म्हटलं. माहिती अधिकारातलं खासगी माहितीचं कलम २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने आता कडक झालं आहे, त्यामुळे एखाद्याचं नाव मागितलं तर नकार येईल. पण जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या प्रत्येक पोलीस ठाण्यात मे २०२४ नंतर किती हिस्ट्रीशीट तपासल्या, किती बंद केल्या, त्यांत विमुक्त आणि आदिवासी किती, हे आकडे कोणाचंही खासगी आयुष्य उघडं करत नाहीत. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलेला अर्ज त्यासाठी पुरतो, आणि तो तिन्ही अधीक्षक कार्यालयांकडे जायला हवा.