धरणावरचा बर्फाचा रेटा : ७० टनांवरून १५ टनांवर

मॅसॅच्युसेट्समधील वाचुसेट (१९०५) आणि न्यूयॉर्कजवळील केन्सिको (१९१७) या धरणांच्या संकल्पनात बर्फाचा रेटा धरला होता भिंतीच्या दर फुटाला ४७,००० पौंड, म्हणजे मीटरमागे सुमारे ७० टन. त्या काळचा विचार सरळ होता : बर्फ स्वतः चिरडेपर्यंतच ढकलू शकेल, तेव्हा त्याची चिरडण्याची ताकद हीच कमाल मर्यादा.

प्रत्यक्षात घडते ते असे. कडाक्याच्या थंडीत जमलेला थर आकसतो, तडकतो. तड्यांत खालचे पाणी चढून गोठते. मग हवा उबदार झाली की थर पसरू पाहतो, पण जागा उरलेली नसते. बर्फाचे प्रसरण काँक्रीटच्या जवळपास पाचपट. जलाशयाचे काठ उभे, खडकाळ असतील तर थर कोंडतो. काठ उतरते असतील तर तो वर सरकतो आणि भिंतीवरचा भार हलका होतो.

१९२२ मध्ये स्वीडनच्या रोयेन यांनी बर्फाच्या सरपटण्याचा हिशेब मांडला. दाब टिकून राहिला की बर्फ हळूहळू दबत जातो, त्यामुळे तापमान सावकाश वाढले तर रेटा फार चढत नाही. खरा प्रश्न तापमान किती वाढले याइतकाच किती वेगाने वाढले हा आहे. १९४७ मध्ये अमेरिकेत एडविन रोझ यांनी थराची जाडी, तापवाढीचा वेग, ऊन आणि काठांचा अडसर धरून आलेख दिले. (वर भुसभुशीत हिम साचले की ते गोधडीसारखे काम करते, हेही विसरू नये.) पुढे अमेरिकेच्या ब्युरो ऑफ रेक्लमेशनने (धरणे बांधणारे सरकारी खाते) जलाशयांवर मोजमापे घेतली, तिथे दोन फूट वा अधिक जाडीला फुटामागे १०,००० पौंड हा आकडा रुळला. मीटरमागे १५ टन.

आकडा उतरला म्हणून तो किरकोळ होत नाही. हा भार अगदी माथ्याशी लागतो. १० मीटर खोल पाण्याचा दाब मीटरमागे ५० टन, पण तो तळापासून ३.३३ मीटरवर, भिंत उलथवणारे बलाघूर्ण (भार गुणिले तळापासूनची उंची) १६७ टन-मीटर. बर्फाचे १५ टन ९.७ मीटरवर लागले की त्यात आणखी १४५ टन-मीटरची भर पडते, म्हणजे एकूण जवळजवळ दुप्पट. १०० मीटर उंच धरणात हीच भर एका टक्क्याच्याही आत राहते. म्हणून जुन्या, बुटक्या काँक्रीट बंधाऱ्यांची तपासणी आधी करावी.

१९९० च्या दशकात कॅनडातल्या धरणांवरील मोजमापांनी आणखी एक कारण पुढे आणले : वीजनिर्मितीमुळे वरखाली होणारी पाण्याची पातळी. भिंतीलगत थर बिजागरीसारखा वाकतो, तडकतो, तड्यात पाणी गोठते आणि थर लांबतो. पातळी परत फिरली की तो पाचरीसारखा आवळतो. थंडीत फरक न पडताही.

भारतीय मानक आयएस ६५१२ नुसार मोजमाप नसेल तर बर्फ टेकतो तेवढ्या क्षेत्रावर चौरस मीटरला २५० किलोन्यूटन धरायचे असतात. ६० सेंटिमीटर थराला गुणून पाहा : १५० किलोन्यूटन, तेच १५ टन.