मधुमेह व लैंगिक आरोग्य

मधुमेहामुळे स्त्री-पुरुषांची कामेच्छा, लैंगिक उद्दीपन व समागमक्षमता यांत निर्माण होणारे दोष. त्यांपैकी पुरुषांतील शिश्नाच्या ताठरतेचा दोष सर्वाधिक अभ्यासला गेला आहे. मधुमेहाशी असलेल्या त्याच्या संबंधाचा उल्लेख मध्ययुगीन पर्शियन वैद्य इब्न सीना (९८०–१०३७) यांच्या लेखनात आढळतो. तथापि पद्धतशीर पाहण्या विसाव्या शतकातल्या आहेत. अमेरिकेत रुबिन व बॅबट यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १९८ मधुमेही पुरुषांपैकी निम्म्याहून अधिक जणांत हा दोष आढळला.

या दोषाच्या कारणांविषयी दीर्घकाळ मतभेद होते. आरंभी तो बहुतांशी मानसिक मानला जाई. पुढे काहींनी स्वायत्त (इच्छेविना कार्य करणाऱ्या) चेतातंतूंच्या ऱ्हासावर, तर काहींनी रोहिणीकाठिण्यावर (रोहिण्या कठीण व अरुंद होण्यावर) भर दिला. उद्दीपनाच्या वेळी चेतातंतूंची टोके व रक्तवाहिन्यांचे अंतःस्तर यांतून नायट्रिक ऑक्साइड स्रवते, त्यामुळे शिश्नातील मृदू स्नायू सैलावतात, पोकळ्यांत रक्त भरते आणि या फुगवट्याने नीला दाबल्या जाऊन ते तेथेच टिकून राहते. दीर्घकाळ वाढलेली रक्तशर्करा चेतातंतू व अंतःस्तर या दोहोंनाही इजा करीत असल्याने दोन्ही कारणे एकत्र मानणेच अधिक सयुक्तिक दिसते. शिश्नाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांहून अरुंद असल्यामुळे ताठरतेची तक्रार कित्येकदा हृदयविकाराच्या काही वर्षे आधी उद्भवते. म्हणून ती लाजेने दडवू नये आणि वैद्यानेही आपणहून विचारावी, हे आग्रहाने नमूद करणे आवश्यक आहे. टाइप-२ मधुमेहात टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे प्रमाण घटलेले आढळते. मूत्राशयाच्या मुखाचे नियंत्रण बिघडल्यास वीर्य मागे मूत्राशयात जाते, व त्यातून वंध्यत्व येऊ शकते.

रक्तशर्करा, रक्तदाब व वजन यांवरील नियंत्रण आणि धूम्रपानाचा त्याग हा उपचारांचा पाया होय. १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले सिल्डेनाफिल हे ताठरतेच्या दोषावरील औषध मधुमेहींनाही उपयोगी पडते, परंतु त्याचा प्रतिसाद इतरांपेक्षा कमी असतो. हृदयविकारासाठी नायट्रेट गटातील औषधे घेणाऱ्यांनी ते घेतल्यास रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरतो.

स्त्रियांविषयीचे संशोधन तुलनेने फार तोकडे आहे, आणि ही उपेक्षा खेदजनक आहे. कोलोड्नी यांनी १९७१ मध्ये १२५ मधुमेही स्त्रियांच्या अभ्यासात सुमारे ३५ टक्के जणींत कामपूर्तीचा अभाव नोंदविला. तुलनेसाठी निवडलेल्या इतर स्त्रियांत हे प्रमाण ६ टक्के होते. योनिमार्गाचा कोरडेपणा, समागमाच्या वेळी वेदना व इच्छा मंदावणे या नेहमीच्या तक्रारी होत. पुरुषांप्रमाणे त्यांचा संबंध केवळ रक्तवाहिन्या व चेतातंतूंशी जोडणे मात्र कठीण दिसते; टाइप-१ मधुमेही स्त्रियांच्या एका दीर्घकालीन अमेरिकन अभ्यासात नैराश्याचा संबंध अधिक ठळक आढळला. रक्तशर्करा वाढलेली असताना योनिमार्गात कॅन्डिडा बुरशीचा संसर्ग वारंवार होतो. डॅपाग्लिफ्लोझिन व एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरील गोळ्या शर्करा मूत्रावाटे बाहेर टाकत असल्याने जननेंद्रियांवरील अशा संसर्गाचा संभव स्त्रियांत व पुरुषांतही वाढतो. तेथे खाज किंवा जळजळ जाणवल्यास गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना कळवावे.